फळीकडे कुणाचंच लक्ष नाही

२०२४ च्या एप्रिलअखेरचं हे पत्र, मिशिगन विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघावरच्या एका लेखाबद्दल. त्या लेखात म्हटलंय की मिशिगनचा बचाव इतका भक्कम आहे की क्वार्टरबॅक (चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू) कुणीही असला तरी २०२४ मध्ये निभावून जाईल. मला हे पटत नाही.

बचावात मेसन ग्रॅहम, केनेथ ग्रँट आणि विल जॉन्सन असताना आपल्यावर फार गुण कुणी करणार नाही, हे मान्य. (बचावातल्याच रॉड मूरच्या गुडघ्याला सरावातच दुखापत झाली, ते मात्र मनाला लागलं.) पण जानेवारीत अंतिम सामन्यात वॉशिंग्टनला ३४-१३ ने हरवणारा संघ आता उरलाय कुठे? १३ जण ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघांच्या खेळाडू-निवडीत गेले, मुख्य प्रशिक्षक हार्बॉ चार्जर्स या व्यावसायिक संघाकडे गेले, क्वार्टरबॅक मॅकार्थी गेला. आणि सगळे नवा क्वार्टरबॅक ऑर्जी की वॉरन यावरच वाद घालतायत!

खरी काळजी समोरच्या फळीची. ऑफेन्सिव्ह लाइनचे, म्हणजे क्वार्टरबॅकपुढे उभं राहून समोरच्यांना अडवणारे, पाचही जण एकदम गेले. २० एप्रिलला संघाच्या सराव सामन्यात, ॲन आर्बरच्या गारठ्यात, आम्ही खालच्या रांगेत बसलो होतो. चेंडू सुटण्याआधी नवी पोरं मान वळवून एकमेकांकडे बघत होती, आधी शेजाऱ्याची खात्री, मग पाऊल. गेल्या वर्षीची पाच जणं न बघता एका दमात सुटायची. ती सवय पंधरा सरावांत लागत नाही.

हार्बॉंच्या जागी आलेले शरोन मूर स्वतः लाइनचे प्रशिक्षक होते, म्हणून मला आशा आहे. पण ७ सप्टेंबरला टेक्ससचा संघ आपल्याकडे खेळायला येतोय, पुढे यूएससी, ऑरेगन आणि शेवटी कोलंबसला ओहायो स्टेट. खेळाडूंना विद्यापीठ बदलू देणारं पोर्टल यंदा, २०२४ मध्ये, ३० एप्रिलपर्यंत उघडं आहे, तेवढ्यात एखादा अनुभवी टॅकल (लाइनच्या टोकाचा खेळाडू) आणाच. नाहीतर माझ्या हिशेबाने आठ विजय, फार तर नऊ.