४५ डिग्रीची तपन आणि थर्मल नॉइज : एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. संत्र्याच्या वावरात पुरलेल्या पीटी-१०० प्रोबचं (तापमानासोबत रेझिस्टन्स बदलणारा प्लॅटिनमचा सेन्सर) रीडिंग ०.३ डिग्रीनं नाचतं, असं मी गेल्या लेखात लिहिलं आणि ‘थर्मल नॉइजचा इथे संबंध नाही’ म्हणून पुढे गेलो. थर्मल नॉइज म्हणजे उष्णतेमुळे रेझिस्टरमधले इलेक्ट्रॉन सैरावैरा हलतात, त्यातून होणारी व्होल्टेजची बारीक थरथर. त्यावर तुमचं म्हणणं : ‘वरूडकडची मे महिन्यातली तपन माहीत असून असं लिहिता? ४५ डिग्रीत नॉइज दुप्पट होत असेल. भारी दर्जाचा रेझिस्टर लावा, मग बोला.’ एका ओळीत झटकलं, ते माझं चुकलंच. हिशेब तेव्हाच मांडायला हवा होता.

‘थर्मल’ या शब्दानं घात होतो. हा नॉइज तापमानाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो, आणि तापमान धरायचं केल्विनमध्ये. पौषातली १० डिग्रीची पहाट म्हणजे २८३ केल्विन, मे महिन्यातली ४५ डिग्रीची दुपार म्हणजे ३१८. तापमान वाढलं १२ टक्के, नॉइज फक्त ६. दुप्पट व्हायला तापमान चौपट लागतं, ३०० केल्विनचं १२००. म्हणजे सुमारे ९२७ डिग्री सेल्सिअस. तेवढ्यात लोखंड लाल होतं.

भारी रेझिस्टरनंही हा नॉइज हटत नाही. बेल लॅब या अमेरिकेतल्या संशोधन संस्थेतल्या जॉन्सननं धातू, कार्बन, अगदी मिठाचं पाणीसुद्धा तपासलं. रेझिस्टन्स आणि तापमान सारखं असलं की नॉइजही सारखाच निघाला. त्याचा सहकारी नायक्विस्टनं त्याचं गणित मांडलं, आणि दोघांचेही लेख १९२८ साली छापून आले. कार्बनऐवजी मेटल फिल्मचा रेझिस्टर लावला तर करंट वाहताना होणारा जादा नॉइज कमी होतो, पण ती वेगळी गोष्ट.

आता माझ्या प्रोबचं बघा. मातीत ४० डिग्रीला त्याचा रेझिस्टन्स सुमारे ११५ ओहम, करंट १ मिलिअँपिअर. एका डिग्रीला व्होल्टेज बदलतं साधारण ३८५ मायक्रोव्होल्ट. १० हर्ट्झच्या बँडविड्थमध्ये (सर्किट जेवढ्या फ्रिक्वेन्सी आत घेतं तो पट्टा) थर्मल नॉइज भरतो साडेचार नॅनोव्होल्ट, म्हणजे डिग्रीचा जवळपास लाखावा भाग. रीडिंग नाचत होतं त्याच्या पंचवीस हजारपट!

मग मी प्रोब काढला आणि वायरीच्या टोकाला १०० ओहमचा साधा रेझिस्टर जोडून धुऱ्यावर बसलो. वीज आली, शेजाऱ्यानं मोटर सुरू केली, तसं रीडिंग उड्या मारायला लागलं. मोटर बंद, रीडिंग शांत. माझं सर्किट ५० मिलिसेकंदांची सरासरी घेत होतं, म्हणजे विजेच्या ५० हर्ट्झची अडीच आवर्तनं. उरलेलं अर्धं आवर्तन थेट आकड्यात उतरत होतं. सरासरी २०० मिलिसेकंदांची, म्हणजे पूर्ण दहा आवर्तनांची केली, वायरींना पीळ दिला आणि उड्या थांबल्या.

प्रोब परत लावल्यावर दुपारी मात्र रीडिंग हळूहळू सरकायचं. कारण जोडाच्या डबीत सापडलं. एका टर्मिनलवर ऊन, दुसऱ्यावर सावली. दोन वेगळ्या धातूंच्या जोडांमध्ये तापमानाचा फरक पडला की आपोआप थोडं व्होल्टेज तयार होतं. तांबं-प्लॅटिनमला ते डिग्रीमागे सुमारे ७ मायक्रोव्होल्ट भरतं, म्हणून १० डिग्रीच्या फरकाला ७० मायक्रोव्होल्ट, जवळजवळ ०.२ डिग्रीची चूक. आता करंट उलटसुलट दिशेनं सोडून दोन रीडिंग घेतो. वजाबाकीत हे व्होल्टेज कटून जातं. तेव्हा तपनेवर तुमचा संशय होता तो खरा ठरला, फक्त वाट जोडातून निघाली.

रेझिस्टन्स मेगओहममध्ये आणि सिग्नल मायक्रोव्होल्टमध्ये असेल, तिथे मात्र थर्मल नॉइज धरावाच लागतो. जुन्या लेखातली ती ओळ मी आज बदलली आहे. तुमच्या वावरात प्रोब असेल तर एकदा मोटर बंद ठेवून रीडिंग घ्या आणि दोन्ही आकडे मला कळवा.