डॉट ऑर्ग विकायला काढलं तेव्हा

इंटरनेटला मालक नाही, हे आपण सगळे मान्य करून बसलोय. पण डॉट कॉम, डॉट ऑर्ग, देशोदेशींची डोमेन्स, म्हणजे वेबसाइटच्या पत्त्यातले शेवटचे भाग, यांची जी मूळ यादी आहे, ती कुणीतरी सांभाळतंच. ते काम आयकॅनकडे आहे. १९९८ मध्ये कॅलिफोर्नियात नोंदलेली ही ना-नफा संस्था. सुरुवातीपासून अमेरिकेच्या वाणिज्य खात्याशी तिचा करार होता. तो १ ऑक्टोबर २०१६ ला संपला आणि देखरेख 'जागतिक समुदाया'कडे आली. एका देशाचा हात निघाला हे चांगलंच झालं, असं माझं ठाम मत आहे. पण मग चूक झाली तर आयकॅनला जाब कोण विचारणार?

२०१९ चं प्रकरण आठवा. जूनमध्ये आयकॅनने डॉट ऑर्गच्या दरांवरची मर्यादा उठवली. हजारो लोकांनी लेखी विरोध केला होता, तरीही. नोव्हेंबरमध्ये कळलं की डॉट ऑर्ग चालवणारी संस्थाच एथॉस कॅपिटल या खासगी गुंतवणूक कंपनीला विकली जातेय, एक अब्जाहून जास्त डॉलरना. आयकॅनचे एक माजी सीईओ या खरेदीदारांचे सल्लागार होते. जगभरातल्या सेवाभावी संस्थांचा पत्ता ज्या नावावर आहे, त्याचा हा व्यवहार! संस्थांनी निषेध केला, पत्रं लिहिली, निदर्शनं केली. आयकॅनच्या मंडळाने ३० एप्रिल २०२० ला परवानगी नाकारली, पण त्याआधी पंधरवड्यात कॅलिफोर्नियाच्या अॅटर्नी जनरलनी विरोधाचं कडक पत्र पाठवलं होतं.

मला हेच खुपतं. जगाच्या मालमत्तेची राखण शेवटी एका राज्याच्या कायदा अधिकाऱ्याने केली, कारण संस्था त्याच्या हद्दीत नोंदलेली होती. उद्या तो अधिकारी गप्प बसला तर?

यावर काही सरकारं म्हणतात, सगळं संयुक्त राष्ट्रांकडे द्या. मला ते अजिबात पटत नाही. २०१२ मध्ये दुबईत संयुक्त राष्ट्रांच्याच दूरसंचार संघटनेच्या परिषदेत दूरसंचार करारावरून जग दोन गटांत फुटलं, ८९ देशांनी सही केली, उरलेल्यांनी नाही. शिवाय फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनने रशियाचं डॉट आरयू काढून टाकायची मागणी केली, तेव्हा आयकॅनने नकार दिला. युक्रेनचं दुःख खरं होतं, पण नकार योग्य होता. ती कळ सरकारांच्या हातात असती तर पुढच्या युद्धात दुसरं कुणी तीच दाबायला सांगितलं असतं.

हवी आहे ती स्वतंत्र तपासणी. आज आयकॅनच्या निर्णयाविरुद्ध पुनर्विलोकन मागता येतं, आणि त्यातून निकाल विरोधातही लागलेत, डॉट आफ्रिकाच्या वादात २०१५ मध्ये तसं झालं. पण वकिलांचा खर्च लाखो डॉलरांत जातो. छोट्या संस्थेने काय करायचं? प्रत्यक्ष नुकसान झालेल्यालाच तक्रार करता येते, म्हणजे साधा वापरकर्ता बाहेरच. फी माफ करा, वापरकर्त्यांच्या संघटनांना तक्रारीचा हक्क द्या, आणि मंडळाच्या बंद दाराआडच्या चर्चेची कारणं निर्णयासोबतच छापा. डॉट ऑर्गसारखा व्यवहार पुन्हा आला तर खरेदीदाराची कागदपत्रं परवानगीच्या आधी लोकांसमोर यायला हवीत.