भाकरीलाही मोजमाप असते: फायबर आणि साखरेविषयीच्या एका संदेशाचा प्रतिवाद

गेल्या काही महिन्यांपासून जळगाव-धुळे भागातील कुटुंबांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश सतत फिरतो आहे. त्याचा मजकूर थोडक्यात असा: वजन जास्त असलेल्या आणि साखर वाढलेल्या माणसाने गव्हाची पोळी विष समजून सोडावी; ज्वारीच्या भाकरीत फायबर असल्यामुळे ती कितीही खाल्ली तरी साखर वाढत नाही; केळीला हात लावू नये, त्याऐवजी सकाळी फळांचा आणि भाज्यांचा रस प्यावा; रोज रात्री दोन चमचे इसबगोल घेतल्यास महिनाभरात गोळ्या बंद करता येतात; आणि फायबर पोटात जात असेल तर वजनाची चिंता करण्याचे कारण नाही. हा संदेश वाचून माझ्या मावशीने मधुमेहाच्या गोळ्या थांबवल्या. ‘आते कसाले गोळ्या?’ असे तिने मला विचारले, तेव्हा बारा दिवस उलटून गेले होते. मी शाळेत विज्ञान शिकवते, डॉक्टर नाही. पण या मजकुरात खरे काय आणि खोटे काय हे नीट मांडणे मला आवश्यक वाटते, कारण यातील अर्धे खरे आहे आणि त्यामुळेच उरलेल्या अर्ध्यावर लोकांचा विश्वास बसतो.

खरे आहे ते आधी सांगते. फायबर, म्हणजे आपण ज्याला चोथा म्हणतो तो, लहान आतड्यात पचत नाही, त्यामुळे त्याची साखर होत नाही. त्यातील विद्राव्य प्रकार पाण्यात फुगून बुळबुळीत होतो, जठरातून अन्न पुढे सरकण्याचा वेग कमी करतो आणि साखर रक्तात सावकाश उतरते. २०१९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात १८५ दीर्घकालीन अभ्यास आणि ५८ चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या; दिवसाला २५ ते २९ ग्रॅम फायबर खाणाऱ्यांमध्ये हृदयविकार आणि टाइप २ मधुमेहासारखे आजार स्पष्टपणे कमी आढळले. तेव्हा फायबर खावे, याविषयी माझा वाद नाहीच.

वाद आहे तो ‘कितीही’ या शब्दाशी. एका रविवारी मावशीकडे गेले असताना मी स्वयंपाकघरात वजनकाटा ठेवला आणि ती परातीत दादर ज्वारीचे पीठ घेई तेव्हा प्रत्येक भाकरीचे पीठ मोजले. एका भाकरीला ९० ग्रॅम पीठ लागत होते, आणि मावशीचे जेवण अडीच भाकरींचे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अन्नघटकांच्या तक्त्यांप्रमाणे १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम फायबर आणि सुमारे ६८ ग्रॅम कर्बोदके, म्हणजे पचून ज्यांची साखर होते ते घटक, असतात. म्हणजे त्या अडीच भाकरींतून २३ ग्रॅम फायबर मिळाले हे खरे, पण त्याच घासांतून १५० ग्रॅमहून अधिक कर्बोदके आणि साडेसातशे कॅलरी पोटात गेल्या, तेही एका वेळच्या जेवणात आणि वरण-भात धरण्याआधी. शिवाय ज्वारीतील बहुतांश फायबर अविद्राव्य प्रकारचे असते. ते पोट साफ ठेवते, पण इसबगोलासारखे फुगून साखरेची वाट अडवत नाही.

गव्हाच्या पोळीला विष ठरवण्याचा आधार तर त्याच तक्त्यात कोसळतो. चाळून कोंडा न काढलेल्या गव्हाच्या पिठात १०० ग्रॅममागे सुमारे ११ ग्रॅम फायबर असते, म्हणजे ज्वारीपेक्षा कमी नाहीच. फरक पडतो तो मैद्याने आणि पांढऱ्या तांदळाने; तांदळात हे प्रमाण तीन ग्रॅमच्याही खाली येते. खरोखर भाकरी सुधारायची असेल तर उपाय आपल्याच डब्यात आहे, आणि तो म्हणजे कळणा, अर्थात ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेले पीठ. सालीसकट अख्ख्या उडदात १०० ग्रॅममागे २० ग्रॅम फायबर असते, त्यामुळे चार भाग ज्वारी आणि एक भाग उडीद असे दळून आणले तर त्या पिठातील फायबर १२ ग्रॅमपर्यंत जाते, कर्बोदके ६३ ग्रॅमपर्यंत उतरतात आणि प्रथिने वाढतात. हा फरक उपयोगाचा आहे, पण लहान आहे. कळण्याच्या भाकरीलाही मोजमाप लागतेच. भाकरी एकाने कमी करून ती जागा मटकी, चवळी, मेथी किंवा भरिताने भरली, तर ताटातील फायबर टिकून साखर कमी होते. मात्र भरितावर तेलाची धार धरली की वांग्याने वाचवलेल्या कॅलरी तेलाने परत येतात, हे रावेर-यावलपासून शिरपूरपर्यंत सर्वांनी मान्य करावे अशी माझी विनंती आहे.

केळीचा मुद्दा थोडक्यात. एका मध्यम पिकलेल्या केळ्यात सुमारे २७ ग्रॅम कर्बोदके आणि ३ ग्रॅम फायबर असते. मावशीच्या अर्ध्या भाकरीत कर्बोदके ३० ग्रॅम होतात. अर्धी भाकरी कमी करून एक केळे खाणारा माणूस विष खात नाही. भरल्या पोटी वर दोन केळी, किंवा साखर घातलेले शिकरण, ही गोष्ट वेगळी. आणि ज्या संदेशाचा सारा भर फायबरवर आहे त्यानेच फळांचा रस प्यायला सांगावे हे समजत नाही, कारण गाळणीत राहणारा चोथा म्हणजेच ते फायबर.

इसबगोलाविषयीचा दावा मला सर्वांत धोकादायक वाटतो. इसबगोल निरुपयोगी आहे असे मुळीच नाही. २०१५ साली ३५ चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण झाले, त्यात टाइप २ मधुमेहाच्या रुग्णांची उपाशीपोटीची साखर इसबगोलाने दर डेसिलिटर रक्तामागे सरासरी ३७ मिलिग्रॅमने उतरलेली दिसली. पण हा परिणाम सर्वाधिक दिसला तो ज्यांचे उपचार सुरू होते अशा रुग्णांत, म्हणजे इसबगोल उपचाराच्या जोडीला होते, उपचाराच्या जागी नव्हे. शिवाय त्या चाचण्यांत ते जेवणाआधी दिले जात होते. रात्री झोपताना घेतलेल्या दोन चमच्यांना सावकाश करण्यासाठी समोर जेवणच नसते. निव्वळ आहारातील फायबरने किती फरक पडतो याचेही मोजमाप झालेले आहे: अमेरिकेतील डॅलस येथे २००० साली १३ रुग्णांना सहा आठवडे रोज २४ ऐवजी ५० ग्रॅम फायबर असलेले जेवण दिले, तेव्हा जेवणाआधीची साखर सरासरी १३ मिलिग्रॅमने कमी झाली. ज्याची साखर गोळ्या थांबवल्यावर अडीचशेच्या घरात जाते, त्याला हे १३ मिलिग्रॅम कुठे पुरणार? इसबगोल गोळ्यांच्या शोषणात अडथळा आणू शकते, म्हणून दोन्हींमध्ये सुमारे दोन तासांचे अंतर ठेवावे. आणि ते भरपूर पाण्यासोबत घेतले नाही तर घशात फुगून अडकू शकते. या दोन्ही गोष्टींचा त्या संदेशात उल्लेखही नाही.

राहिला वजनाचा मुद्दा. भारतीयांसाठी बीएमआय (किलोतील वजन भागिले मीटरमधील उंचीचा वर्ग) २३ च्या पुढे गेला की वजन जास्त आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा मानतात. पाच फूट उंचीच्या बाईच्या बाबतीत हे आकडे ५३ आणि ५८ किलो येतात. आपल्याकडे ज्या बाईला ‘अंगाने बरी’ म्हणतात ती बहुधा याच्या पुढे असते. २०१५ साली युरोपातील आठ देशांच्या पाहणीत फायबर जास्त खाणाऱ्यांना मधुमेह कमी झालेला दिसला, पण वजनातील फरक हिशेबात घेतल्यावर हा लाभ इतका घटला की तो निश्चितपणे सांगता येईना. याचा अर्थ मला असा लागतो की फायबरचा बराचसा लाभ वजनाच्या वाटेने पोहोचतो: चोथ्याने पोट लवकर भरते, माणूस कमी खातो, वजन उतरते. ज्याने भाकरी ‘कितीही’ खाल्ली त्याची ही वाटच बंद होते. फिनलंडमधील २००१ सालच्या प्रसिद्ध चाचणीत वजन जास्त आणि साखर सीमेवर असलेल्या ५२२ जणांपैकी निम्म्यांसमोर पाच उद्दिष्टे ठेवली होती, आणि दर हजार कॅलरींमागे १५ ग्रॅम फायबर हे त्यातील केवळ एक होते. उरलेली चार म्हणजे वजनात पाच टक्क्यांहून अधिक घट, एकूण स्निग्धांश कमी, संपृक्त स्निग्धांश त्याहून कमी आणि आठवड्याला चार तासांहून अधिक व्यायाम. उरलेल्या निम्म्यांच्या तुलनेत या गटात मधुमेहाचा धोका ५८ टक्क्यांनी घटला, आणि ज्यांनी चार किंवा पाचही उद्दिष्टे गाठली त्यांच्यापैकी एकालाही चाचणीच्या काळात मधुमेह झाला नाही.

मावशीने डॉक्टरांना विचारून गोळ्या पुन्हा सुरू केल्या आहेत. भाकरी आता कळण्याची आणि दीड, सोबत मटकीची उसळ वाटीभर. कडधान्य एकदम वाढवल्याने पहिल्या आठवड्यात पोट फुगले, म्हणून ते अर्ध्या वाटीवर आणून हळूहळू वाढवले आणि पाणीही वाढवले. पुढची रक्ततपासणी मार्चअखेरीस आहे, आणि गोळ्यांचे काय करायचे ते डॉक्टर तो अहवाल पाहून ठरवणार आहेत.