कोयता पुरा करायला लावलेलं लग्न

दसऱ्याच्या आसपास मुकादम ऊसतोडीसाठी टोळी भरायला लागला की बीड-परभणीकडे पोरींची लग्नं घाईने उरकली जातात. हिशोब सरळ आहे. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, उचल जोडीवर मिळते. त्यात आईबाप सहा-सहा महिने कारखान्यावर, मग वयात आलेली पोर गावात कुणाच्या भरवशावर ठेवायची? ही भीती खोटी नाही, म्हणून नुसत्या भाषणांनी काही थांबत नाही.

पण 'पाळी आली म्हणजे पोर तयार झाली' हे साफ चूक. उंची वाढायची थांबली तरी कमरेची हाडं पुढे काही वर्षं रुंदावत असतात. बाळाचं डोकं अडकलं, सिझर वेळेत झालं नाही, तर दबलेल्या जागी मूत्राशयाला भोक पडतं आणि लघवी सतत गळत राहते. शिवाय ताटातल्या घासाला वाटेकरी दोन, दोघंही वाढत्या वयातले. मग बाळ अडीच किलोच्या आत भरतं.

गरोदरपणी रक्त, म्हणजे हिमोग्लोबिन, ११ च्या खाली गेलं की कमी. ७ च्या खाली नुसत्या गोळ्यांवर भागत नाही, दवाखाना गाठावाच लागतो. आणि गोळी फडात पहाटेच्या चहाबरोबर गिळली तर लोह अंगी लागत नाही. जेवणानंतर लिंबूपाण्याबरोबर घ्या, कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळेला. पाचव्या महिन्यानंतर बीपी १४०/९० च्या वर, डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय, तर झटका (फिट) यायची वाट बघू नका.

सगळ्यात घातक म्हणजे दवाखान्यात वय १९ सांगणं. पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या, धाकाने सांगतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे पोर जोखमीच्या गरोदरपणाच्या यादीत येतच नाही. निदान गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीचं नाव, तिने आणि पालकांनी तशी विनंती केली तर, डॉक्टरने पोलिसांना कळवायची गरज नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलंय. हे किती जणांना माहीत आहे?

गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणजे आपला ग्रामसेवकच (आताचं नाव ग्रामपंचायत अधिकारी). त्याला गाठा, नाहीतर १०९८ ही मुलांची हेल्पलाइन लावा, पण अक्षता पडायच्या आधी. कोर्टाचा मनाई हुकूम असताना लावलेलं लग्न मुळातच रद्द ठरतं. एरवी ते आपोआप रद्द होत नाही. मुलीला वीस वर्षं पूर्ण व्हायच्या आत अर्ज करावा लागतो, आणि तोवर कडेवर मूल असतं. वयाच्या पुराव्याला शाळेचा दाखला मागा. आधारवरच्या जन्मतारखेच्या भरवशावर राहू नका.