नोझल-इलेक्ट्रोडवर भागलं असतं का? एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, मी कमिशनसाठी लिहितो असं तुम्ही प्रतिक्रियेत म्हणालात, ते आधी उरकतो. प्लाझ्मा कटरचा नवा टॉर्च मी रोखीने घेतला, दुकानदाराने चहासुद्धा पाजला नाही. आता मुद्द्याचं.

ज्यांनी आधीचा लेख वाचला नाही त्यांच्यासाठी: माझ्या ६० अँपिअरच्या प्लाझ्मा कटरचा (विजेच्या ज्वालेने धातू कापणारं मशीन) पायलट आर्क, म्हणजे कापण्याआधी पेटणारी छोटी ज्वाला, धरेना, म्हणून मी अख्खा टॉर्च, म्हणजे हातात धरायचा कापणारा भाग, बदलला. दादांचं म्हणणं, हा उगाचचा खर्च. नवं नोझल (टोकाची भोकाची टोपी) आणि इलेक्ट्रोड (तिच्या आतला तांब्याचा तुकडा) टाकायचा, मल्टिमीटरने दोघांमध्ये बीप येते का, म्हणजे ते विजेने जोडलेले आहेत का, बघायचं, आली तर टॉर्च ठणठणीत. त्यांच्या मशीनवर त्यांनी तसंच केलं आणि काम झालं.

झालं असेल, मी नाही म्हणत नाही. पण तुमचा टॉर्च बहुतेक ब्लोबॅकचा आहे. त्यात इलेक्ट्रोड नोझलला टेकूनच बसलेला असतो. ट्रिगर दाबला की हवा त्याला मागे ढकलते आणि सुटता सुटता ठिणगी पडते. टेकलेला आहे म्हणून बीप येते, आणि ती यायलाच हवी. माझा पी-८० मॉडेलचा, म्हणजे एचएफवाला (हाय फ्रीक्वेन्सी). यात इलेक्ट्रोड जागचा हलत नाही, नोझलपासून थोडं अंतर राखून असतो आणि हजारो व्होल्टची ठिणगी ते अंतर उडी मारून पार करते. इथे बीप आली तर आत शॉर्ट आहे! तुमची खूण माझ्या टॉर्चला बरोबर उलटी लागते.

माझ्या टॉर्चला बीप येत नव्हती. म्हणजे मीटरच्या हिशेबाने तो चांगलाच होता, आणि तिथेच माझे दोन दिवस गेले. नवा इलेक्ट्रोड, नवं नोझल, नवी स्वर्ल रिंग (हवेला गोल फिरवणारी कडी), सगळं टाकून पाहिलं. हवा ५ किलोवर. ट्रिगरच्या दोन्ही वायरी तपासल्या, नोझल धरून ठेवणारा बाहेरचा कप आवळला की दबणाऱ्या सेफ्टी पिनाही पाहिल्या. ट्रिगर दाबला की हवा सुटायची, आतून किरकिर ऐकू यायची, पण नोझलच्या भोकातून काही बाहेर येत नव्हतं. मग संध्याकाळी शटर ओढलं, लाइट बंद केली आणि ट्रिगर दाबला. ठिणगी दिसली, पण नोझलच्या तोंडाशी नाही. कपाच्या मागे, हेडच्या बगलेत, बारीक निळी. (हे कोणी उघड्या हाताने करू नये. या मशीनमध्ये माणूस मारण्याइतके व्होल्ट असतात.)

नवा टॉर्च आल्यावर जुन्याचं हेड हॅकसॉने उभं चिरलं. इन्सुलेशनमध्ये केसाएवढी काळी रेघ, इलेक्ट्रोडच्या बाजूकडून थेट नोझलच्या बाजूला गेलेली. कार्बन झालेला. मीटरच्या ९ व्होल्टच्या बॅटरीला ती वाट दिसत नाही. एचएफला मात्र हवेतल्या फटीपेक्षा तीच सोपी. आता यात किती नोझलं बदलणार? नुसतं हेड बदलता आलं असतं, हे खरं. पण हेडजवळ केबल रोज वाकून वाकून तिच्या आतल्या तांब्याच्या तारा तुटायला लागल्या होत्या, हवाही झिरपत होती. म्हणून केबलसकट घेतला.

तुमचं एक मात्र शंभर टक्के बरोबर: टॉर्च मेला कशाने, हे मी लिहिलंच नाही. पाण्याने मेला. जुलैचे दिवस, कॉम्प्रेसर पत्र्याच्या शेडबाहेर, आणि टाकीखालचा कॉक मी आठवड्यातून एकदा सोडायचो. त्या दिवशी सोडला तर तांबूस पाण्याने अर्धा डबा भरला. ओल्या हवेने इलेक्ट्रोडच्या मधला हाफ्नियम धातूचा ठिपका भराभर खाल्ला जातो. दीड मिलिमीटर खड्डा पडला की इलेक्ट्रोड फेकायचा असतो. माझे दोन-दोन दिवसांत तिथवर जात होते आणि मी शिव्या घालत होतो डुप्लिकेट मालाला. तेच पाणी हेडमध्ये साचत गेलं आणि ती काळी रेघ पडली. नवा टॉर्च लावण्याआधी वॉटर सेपरेटर बसवला, हेही लेखात राहून गेलं. ती सुरुवातीलाच लिहायची गोष्ट होती.

आणि ‘कुठलाही पी-८० बसतो’ हे माझं वाक्य मी काढून टाकतो आहे. मशीनकडच्या टोकाला कुणाकडे सेंट्रल कनेक्टर (सगळं एकाच जोडणीत) असतो, कुणाकडे हवेचा नट वेगळा आणि पायलटची वायर वेगळी. जुन्याचं टोक खोलून, फोटो काढून दुकानात न्या. ब्लोबॅकच्या मशीनला एचएफचा टॉर्च चुकूनही घेऊ नका; अंतर पार करायला ठिणगीच नसेल तर तो पेटणार कसा?

तुमच्या टॉर्चचं नक्की करायचं असेल तर शेगडीवरच्या चहाइतकाही वेळ लागणार नाही. एमसीबी पाडा, पाच मिनिटं थांबा, कप काढा आणि इलेक्ट्रोड बोटाने आत दाबून बघा. स्प्रिंगवर मागे-पुढे झाला तर ब्लोबॅक. घट्ट बसलेला असेल आणि तरी बीप येत असेल, तर पुढची प्लेट लावण्याआधी मला कळवा.