91वं स्तोत्र रोज वाचा, पण गोळी बंद करू नका

गेल्या रविवारी उपासना झाल्यावर आत्याकडे गेलो होतो, नगरला. तिचं बायबल कायम उशाशी असतं, तेच जुनं, पानं सुटायला आलेलं. सहज हातात घेतलं तर स्तोत्र 91, म्हणजे देव संकटात आपल्याला राखतो असं सांगणारं स्तोत्र, त्याच्या पानात शुगरच्या गोळ्यांची अख्खी स्ट्रीप, एकही गोळी काढलेली नाही. विचारलं तर म्हणाली, "अरे आता नाही लागत मला, प्रभूने वचन दिलंय ना." अकरा दिवस गोळी बंद! घरच्या मशीनवर बघितली तर 380. तेव्हा कुठे तिने महिला मंडळाच्या ग्रुपवर आलेला मेसेज दाखवला.

मेसेजचा सारांश असा: स्तोत्र 91 दिवसातून तीनदा म्हणा, घरात रोग येणार नाही, औषध घेणं म्हणजे अविश्वास. पहिल्या महायुद्धात अमेरिकेची 91वी तुकडी हे स्तोत्र रोज म्हणायची म्हणून एकही सैनिक मेला नाही. बायबलमध्ये 'भिऊ नको' बरोबर 365 वेळा आहे. आणि शेवटी, बारा जणांना पाठवा.

365 चं आधी उरकतो. कुठल्याही भाषांतरात मोजा, शंभर-सव्वाशेच्या आसपास येतं, थोडं मागेपुढे. आकडा कॅलेंडरवरून घेतलाय. देवाने एकदा सांगितलं तरी पुरे आहे, त्यासाठी खोटं कशाला बोलायचं?

सैनिकांची गोष्ट तर मेलेल्या माणसांचा अपमान आहे. मेसेजमध्ये ही तुकडी फ्रान्समधल्या बेलो वूडला लढली असंही लिहिलंय. ती लढाई जून 1918 ची, आणि ही 91वी तुकडी, म्हणजे 91वी डिव्हिजन, फ्रान्समध्ये पोचली त्यानंतर. ती सप्टेंबरमध्ये आर्गॉनच्या लढाईत उतरली आणि युद्ध संपेपर्यंत तिचे हजारावर जवान मेले, जखमी त्याहून कितीतरी जास्त. त्यातल्या किती जणांच्या खिशात बायबल असेल, किती आया घरी हेच स्तोत्र म्हणत असतील!

आता मुख्य मुद्दा, ज्याच्यामुळे मी झोपलो नाही. औषध घेणं म्हणजे अविश्वास, आणि आधार कशाचा तर 91व्या स्तोत्राचा. बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय काढा. सैतान येशूला मंदिराच्या शिखरावर नेतो आणि म्हणतो खाली उडी टाक, कारण असं लिहिलंय की देवदूत तुला हातांवर झेलतील, तुझा पाय धोंड्याला लागू देणार नाहीत. हे वचन कुठलं? याच स्तोत्राच्या 11व्या आणि 12व्या ओवीतलं! आणि सैतानाने ते अर्धवट सांगितलंय. मूळ स्तोत्रात 'तुझ्या सर्व मार्गांत' देवदूत राखतील असं आहे, ते शब्द तो गाळतो, कारण शिखरावरून उडी मारणं हा देवाने दिलेला मार्गच नाही. आणि 13व्या ओवीत सिंह आणि नाग पायाखाली तुडवण्याची गोष्ट येते, तिथपर्यंत तो जातच नाही. येशूचं उत्तर बायबलमधल्याच 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातलं आहे, परमेश्वर तुझा देव याची परीक्षा पाहू नको. म्हणजे बघा, देव झेलेल म्हणून उडी मार हे बोलणं सैतानाचं, आणि देव बरं करेल म्हणून गोळी टाक हे तेच बोलणं आहे, मला यात काडीचा फरक दिसत नाही. ज्याने कुणी ती ओळ मेसेजमध्ये घातली त्याने मत्तय उघडून बघायला पाहिजे होतं.

आणि औषधाचं म्हणाल तर बायबलमधलं '2 राजे' हे पुस्तक, अध्याय 20. हिज्कीया राजा मरायला टेकलाय, देव यशया संदेष्ट्याकडून निरोप पाठवतो की तू बरा होशील, आणखी 15 वर्षं जगशील. खुद्द देवाचं वचन मिळालं! तरी यशया काय सांगतो? अंजिराचा लेप करून गळवावर लावा. वचनही आणि लेपही. प्रेषित पौल आपल्या शिष्याला, तीमथ्याला, पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो, सोबती त्रफिमाला मिलेत गावात आजारी सोडून येतो, आणि लूकला तर 'प्रिय वैद्य' म्हणतो.

एक मात्र मान्य करावं लागेल. या स्तोत्रात मरीचा, म्हणजे साथीच्या रोगाचा, उल्लेख खरंच दोनदा आहे, आणि कुठलीही पीडा तंबूजवळ येणार नाही असंही आहे. जुन्या काळी पण लोक ते ताईतासारखं वापरायचे, मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या 11व्या गुहेत भुतं घालवायच्या गाण्यांसोबत हेच स्तोत्र लिहिलेली गुंडाळी सापडली आहे. म्हणजे ही समजूत आजची नाही. पण 15वी ओवी वाचा ना, तिथे देव म्हणतो की संकटात मी त्याच्याजवळ असेन. संकट येणारच नसेल तर जवळ असण्याचा प्रश्नच कुठे आला? प्रेषितांची कृत्यं 12 मध्ये हेरोद राजा येशूच्या शिष्याला, याकोबाला, तलवारीने मारतो आणि त्याच अध्यायात दुसऱ्या शिष्याला, पेत्राला, देवदूत तुरुंगातून बाहेर काढतो. मग याकोब स्तोत्र म्हणायला विसरला होता का? आपल्या केडगावच्या पंडिता रमाबाईंचंच बघा, अख्खं बायबल मराठीत आणलं त्या बाईने, आणि 1921 ला मुलगी मनोरमा त्यांच्याआधी गेली, पुढच्या वर्षी त्या स्वतः. त्यांचा विश्वास कमी पडला असं म्हणायची हिंमत आहे का कुणाची?

आत्याला हे सगळं त्याच पानावर बसून वाचून दाखवलं. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "मत्तय मी किती वेळा वाचलाय रे." पाणी मागितलं, गोळी घेतली, दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे नेऊन आणलं. पण मेसेज तिने आधीच बारा जणींना पाठवला होता. आम्ही दोघं बसून एकेकीला फोन लावले, अकरा जणींशी बोलणं झालं, त्यातल्या दोघींनी बीपीची गोळी सोडली होती. बारावी काकू लेकीकडे गेल्यात म्हणे, त्यांना हार्टच्या गोळ्या चालू आहेत, आणि चार दिवस झाले त्यांचा फोन लागत नाहीये.