व्हल्कनच्या पोस्टरवरील आक्षेपांना उत्तर

नमस्कार. व्हल्कन ग्रहाच्या माझ्या पोस्टरविषयी आपण मनापासून आणि सविस्तर लिहिलेत, तेव्हा उत्तरही तसेच सविस्तर द्यायला हवे. आपले आक्षेप थोडक्यात असे : व्हल्कन ज्यातला ग्रह आहे ती 'स्टार ट्रेक' ही १९६६ साली सुरू झालेली अंतराळप्रवासाची टीव्ही मालिका, मग तिचे पोस्टर १९३०च्या दशकातील अमेरिकी पर्यटन-पोस्टरांच्या धाटणीचे का, कागद कोरा करकरीत असताना त्याला रेट्रो, म्हणजे जुन्या धाटणीचे, का म्हणावे, मालिकेतल्या यानाचा कप्तान कर्क याचा सोनेरी सदरा हिरवट का, आणि मूळचा व्हल्कनचा असलेला त्याचा सहकारी स्पॉक एवढासा का.

यांतला काळाविषयीचा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. साठच्या दशकाचीच दृश्यभाषा हवी असेल, तर हुआन ऑर्टिझ यांनी मूळ मालिकेच्या प्रत्येक भागासाठी एकेक पोस्टर करून ते काम फार उत्तम रीतीने केले आहे. मला मात्र त्याच्या मागे, तीसच्या दशकात जावेसे वाटले. मंदीत बेकार झालेल्या चित्रकारांना काम देणाऱ्या डब्ल्यूपीए या सरकारी योजनेत अँथनी व्हेलोनिस यांनी सिल्क स्क्रीनचे, म्हणजे ताणलेल्या जाळीदार कापडातून शाई दाबून छापण्याचे, तंत्र रुजवले आणि तिथली पोस्टरे झपाट्याने व स्वस्तात छापली जाऊ लागली. प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र स्क्रीन लागत असल्यामुळे चित्रकार मोजकेच रंग घेत, बारीक छटा टाळत आणि डोंगर, आकाश, झाडे यांचे मोठे सपाट आकार करत. आता 'स्टार ट्रेक' जिथे चित्रित होत होती त्या डेझिलू स्टुडिओत काय चालले होते ते पाहा. एनबीसी वाहिनीची मालक कंपनी आरसीए रंगीत टीव्ही संच विकत होती, त्यामुळे पडद्यावर ठसठशीत रंग दिसायला हवे होते. पैसा मात्र बेताचाच होता. छायालेखक जेरी फिनरमन यांनी दिव्यांपुढे जिलेटिनचे रंगीत पारदर्शक कागद लावून करड्या भिंतींवर जांभळा, हिरवा, लाल असा प्रकाश टाकला आणि नेपथ्य फारसे न बदलता वातावरण बदलले. १५ सप्टेंबर १९६७ रोजी दाखवलेल्या 'अमोक टाइम' या भागात व्हल्कन प्रथमच दिसला, तोही असाच : स्टुडिओतली जमीन, थोडे खडक आणि मागे तांबडेलाल आकाश. ते आकाश पाहताना मला थेट स्क्रीन प्रिंटिंगमधला एका रंगाचा सपाट थर दिसला. दोन्ही ठिकाणी हात आखडता होता आणि दोन्ही ठिकाणी त्यातूनच शैली घडली. माझे पोस्टर या नात्यावर उभे आहे.

कोऱ्या कागदाबद्दल माझे मत ठाम आहे. संगणकावर पिवळे डाग, घड्यांच्या रेषा आणि उडालेला रंग चढवून चित्र जुने करण्याची पद्धत मला मुळीच पटत नाही. डब्ल्यूपीएची पोस्टरे भिंतीवर लागली तेव्हा नवीच होती. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने नऊशेहून अधिक जपली आहेत आणि त्यांतल्या कित्येकांचे रंग आजही ठणठणीत आहेत. मला त्या काळाची झीज नको होती, त्या छपाईची शिस्त हवी होती. म्हणून गेरू, लाल, निळा आणि गडद तपकिरी अशा चारच शाया ठरवून मगच मी पेन्सिल हातात घेतली, आणि लग्नपत्रिका छापणाऱ्या एका कारागिराकडून पोस्टर खरोखर स्क्रीनवर छापून घेतले. आकाश आणि खडक यांच्यामध्ये कागदाची पांढरी फट राहू नये म्हणून तपकिरी रंग लालावर किंचित चढवावा लागतो. तिथे कडेला जी काळसर रेघ उमटली आहे, ती काढलेली नसून दोन शाया एकमेकींवर आल्याने झालेली आहे.

कर्कच्या सदऱ्याचेही तसेच. मालिकेतल्या कप्तानाच्या मखमली सदऱ्याचे मूळ कापड हिरवट होते. स्टुडिओच्या दिव्यांखाली आणि फिल्मवर ते सोनेरी दिसले. कर्कचा दुसरा, पुढून गुंडाळून घालायचा सदरा वेगळ्या कापडाचा असल्याने पडद्यावरही हिरवाच दिसतो, हे आपण जरूर ताडून पाहावे. मला तो रंग पाचव्या स्क्रीनशिवाय मिळाला : गेरूवर पारदर्शक निळी शाई आली की तिथे हिरवट छटा येते.

राहिला स्पॉक. डब्ल्यूपीएच्या पर्यटन-पोस्टरांपैकी राष्ट्रीय उद्यानांच्या पोस्टरांत ठिकाण हाच नायक असतो. यलोस्टोनच्या पोस्टरात सारी नजर उसळत्या उष्ण पाण्याच्या फवाऱ्यावर जाते. स्पॉकचा चेहरा पुढे आणला असता तर हे व्यक्तिचित्र झाले असते, आणि ती चित्रे विपुल आहेत. 'अमोक टाइम'मध्ये तो जिवाच्या ओढीने मायभूमीला परततो, आणि तिथली रूढी त्याच्या मैत्रीपेक्षा मोठी ठरते. म्हणून आकाशाने तीन चतुर्थांश कागद व्यापला आहे आणि कर्क, स्पॉक व यानावरचे डॉक्टर मॅककॉय हे तिघे खडकांच्या पायथ्याशी आहेत. तरीही नजर स्पॉकला शोधून काढते, कारण लाल आणि गेरूच्या त्या पसाऱ्यात निखळ निळा रंग फक्त त्याच्या आणि डॉक्टर मॅककॉयच्या अंगावर आहे, आणि त्या दोघांत पुढे उभा असलेला स्पॉक आहे.